दोन बोटं

“आणि सीट मावशी कमी करून देईल. दोन बोटं,” भाची म्हणाली, आणि ओठांपर्यंत नेलेला चहाचा कागदी कप मी तसाच खाली ठेवला. ती माझ्याशी बोलत नव्हती. डोंगरवाटेवर चालवायच्या एका उंच, सडपातळ मोटरसायकलवर बसून, दोन्ही पायांचे चवडे फरशीकडे ताणून, ती गाड्या विकणाऱ्या बाईशी बोलत होती. त्या बाईनं नुकतंच सांगितलं होतं की कमी उंचीच्या गिऱ्हाइकांना आम्ही मागच्या शॉकअपच्या पट्ट्या बदलून गाडी दोन बोटं खाली घेऊन देतो, काळजी करू नका. भाचीला तेवढ्यानं समाधान नव्हतं. दोन बोटं दुकानानं आणि दोन बोटं मावशीनं, म्हणजे चार, म्हणजे दोन्ही टाचा टेकल्या. हिशेब सोपा होता. बाईनं मान डोलावली आणि माझ्याकडे कौतुकानं पाहिलं, सीट शिवणारी मावशी घरातच असणं ही मोठी सोय आहे अशा अर्थानं. मी हसले असणार, कारण तीही हसली. दुकानभर नव्या रबराचा वास होता, आणि काचेतून सकाळचं ऊन थेट गाड्यांच्या टाक्यांवर पडत होतं.

दोन बोटं हा आमच्या धंद्यातला शब्द आहे. गिऱ्हाईक सेंटिमीटर सांगतं, मासिकात वाचून येतं, पण सीटवाल्याच्या हातात फोम आला की तो बोटांनीच बोलतो. दोन बोटं काढ, बोटभर चढव, पुढे अर्धं बोट उतार दे. हे मी बाबांकडून शिकले. बाबांची बोटं जाड होती, त्यांची दोन म्हणजे माझी तीन, त्यामुळे मी दुकानात बसायला लागल्यावर जुनी गिऱ्हाइकं विचारायची, कुणाची दोन बोटं, तुमची की म्हाताऱ्याची. उंचीच्या बाबतीत मात्र बाबांनी आमच्यात भेदभाव केला नाही. आमचं सगळं घरच बुटकं. मला मोठी बुटकी म्हणत आणि बहिणीला धाकटी बुटकी, आणि आम्ही दोघी शेजारी उभ्या राहिलो की मोठी कोण आणि धाकटी कोण हे सांगूनच कळायचं. भाची त्याच मापाची निघाली. बावीस वर्षांची आहे, माती तपासणाऱ्या प्रयोगशाळेत नुकतीच लागली आहे, आणि डोंगरातल्या वाड्यांवर जाऊन मातीचे नमुने आणायचं काम तिनं आपणहून मागून घेतलं. तिथे चारचाकी पोचत नाही. मला मोटरसायकल हवी असं तिनं जेवताना सांगितलं तेव्हा माझी आई ताटावरून उठून गेली होती. मी उठले नाही. आठवडाभर मी गप्प राहिले आणि मग तिच्याबरोबर गाडी निवडायला आले, कारण मला न विचारता तिनं निवडली असती तर ते मला आणखी वाईट वाटलं असतं.

भाचीच्या आईनं, धाकटीनं, मला सीट कमी करशील का विचारलं होतं ते अकरा वर्षांपूर्वीच्या एका सोमवारी. ती दिवसभर काचेच्या खिडकीमागे बसून लोकांच्या अर्जांवर शिक्के मारायची, आणि तिचा नवरा दुसरा संसार थाटून निघून गेल्यावर एका सकाळी तिनं जाहीर केलं की मला आता जरा उंचावर जायचंय. रविवारी डोंगरात गाड्या घेऊन जाणाऱ्यांची एक टोळी होती, सात-आठ जणांची. तिनं गाडी घेतली तीही अशीच, वाटेवरची, मोठ्या चाकांची, तिच्या कमरेच्या वर सीट असलेली. चवडेच टेकतात गं, म्हणाली, दोन बोटं काढ ना, फक्त दोन. बाबा तेव्हा नव्हते. मी सीट उलटी केली, पिना उपसल्या, रेग्झिन सोलून काढलं आणि लांब पात्याच्या सुरीनं फोमचा एक सरळ थर उतरवला, टोकापासून शेपटीपर्यंत सारखा. सुरी कुठे अडली नाही. वरून नवं रेग्झिन ओढलं, शिवण जुन्या भोकांतूनच घातली, कडा गरम करून बसवल्या. काम इतकं सफाईदार झालं की सीट कारखान्यातून तशीच आली असं कुणालाही वाटलं असतं, आणि याचा मला त्या दिवशी अभिमान वाटला हे मी नाकारत नाही. उतरवलेला थर मी फेकला नाही. आमच्याकडे फोमचे तुकडे उशांत जातात. त्या आठवड्यात आईची उशी दबली होती, तो थर मी फाडून तिच्यात भरला. संध्याकाळी धाकटी गाडी घेऊन गल्लीच्या टोकापर्यंत गेली आणि परत आली, हेल्मेट काढलं, केस घामानं कपाळाला चिकटलेले, आणि म्हणाली, मोठे, स्वर्ग दोन बोटं उरला बघ. आम्ही दोघी हसलो. मला ते हसणं आजही ऐकू येतं, मुख्यतः माझं.

“उंची बघून गाडी घेऊ नका, वजन बघा,” विकणारी बाई त्याआधी भाचीला सांगत होती. पन्नाशीची असावी, केस आखूड, मनगटावर जुन्या टाक्यांची खूण. ती आधी स्वतः डोंगरात गाड्या चालवायची, नंतर शिकवायची, आता गुडघा साथ देत नाही म्हणून विकते, असं तिनं चहा देतानाच सांगून टाकलं होतं. तिनं भाचीला भिंतीला टेकून उभं केलं, दोन मांड्यांच्या मध्ये एक पुठ्ठ्याची वही वर सरकवली आणि टेपनं जमिनीपर्यंतचं माप घेतलं. मग तीन गाड्या दाखवल्या. पहिली ठेंगणी, भाचीचे तळवे आरामात टेकत होते, पण ती नुसती दिसायलाच वाटेवरची होती, पोट जमिनीला लागलेलं आणि अंगानं लठ्ठ. दुसरी रुबाबदार लाल, ती तुम्ही मोठ्या झाल्यावर घ्या, असं बाई म्हणाली. तिसरी ही, हिरवी-पांढरी, लहान इंजिनाची, उंच पण हलकी. मग तिनं एक गोष्ट केली जी मला आवडली. गाडी एका गादीवर आडवी घातली आणि भाचीला म्हणाली, उचला. भाचीनं हँडल धरून ओढली, गाडी ढिम्म हलेना. बाईनं तिला गाडीकडे पाठ करायला लावली, खाली बसून सीटखाली हात घालायला लावला आणि मग पायांनी जोर देत उठायला सांगितलं. गाडी उभी राहिली. भाचीचा चेहरा लाल झाला होता आणि ती माझ्याकडे बघून अशी हसली की मला तिच्या आईच्या कपाळावरचे केस दिसले. त्यानंतर ती गाडीवर चढून बसली, मी सवयीनं मागून सीटची शेपटी धरली, आणि मग ती मावशी सीट कमी करून देईल हे वाक्य बोलली.

मिस्त्रीला धाकटीनं सांगितलं ते गुरुवारी. मी सोमवारी थर उतरवला होता आणि तरी तिच्या टाचा अधांतरीच राहत होत्या, म्हणून ती आमच्या गल्लीतल्या गाड्या दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीकडे गेली आणि त्यालाही तेच म्हणाली, फक्त दोन बोटं. त्यानं मागच्या शॉकअपच्या पट्ट्या बदलून गाडीच खाली घेतली. सीटला आधीच हात लागलाय हे तिनं त्याला सांगितलं नाही, आणि पट्ट्या बदलल्यात हे मला सांगितलं नाही, कारण दोघांपैकी कुणीही म्हणालं असतं, आता पुरे. तिला नाही ऐकायचं होतं. त्या रविवारी उताराच्या एका अरुंद वाटेवर, जिथून पुढच्या पाच गाड्या विनासायास गेल्या होत्या, तिच्या गाडीचं पोट एका दगडावर बसलं. गाडी जागच्या जागी थांबली. तिनं दरीच्या बाजूचा पाय टेकायला काढला, आणि तिथे जमीन नव्हती. तिच्या मागून येणाऱ्या माणसानं नंतर आम्हाला सगळं सांगितलं, पुन्हा पुन्हा, एकेक शब्द. त्यातलं एक वाक्य आईच्या, पोलिसांच्या, सगळ्यांच्या कानांवरून नुसतंच निघून गेलं. तो म्हणाला होता, तिनं आधी डोंगराकडचा पाय काढायला बघितला, पण गुडघा इतका दुमडलेला होता की पाय निघायला उशीर झाला, मग ती दुसरीकडे कलंडली. पोट दगडावर बसलं ते पट्ट्यांमुळे. पण गुडघा दुमडला तो सीटमुळे. पाय ठेवायची पायठाणं जिथे होती तिथेच राहतात, सीट खाली आली की गुडघे वर येतात, हे कुठल्याही सीटवाल्याला कळतं. ऐकणाऱ्यांत सीटवाली मी एकटीच होते.

दवाखान्यात ती दोन दिवस होती. दुसऱ्या दिवशी दुपारी मिस्त्री आला, रॉकेलनं हात घासून, स्वच्छ शर्ट घालून, आणि पायऱ्यांजवळच्या नळापाशी उभा राहिला, आत यायचा त्याला धीर होईना. मी पाण्याची बाटली भरायला गेले तेव्हा त्यानं हळूच विचारलं, “ताई, सीटला हात लावला होता का तुम्ही?” त्याच्या आवाजात आरोप नव्हता. त्याला नुसतं माहीत करून घ्यायचं होतं, एखादा कारागीर दुसऱ्याला विचारतो तसं. बाटली भरून वाहायला लागली होती. मी नाही म्हटलं. तो हूं म्हणाला, मान खाली घातली आणि गेला, आणि संध्याकाळी धाकटी गेली. मी ठरवून खोटं बोलले असं मला वाटत नाही, पण नंतर ते खरं करायला मात्र मी रोज कष्ट घेतले. गाडी तपासणाऱ्यानं कागदावर लिहिलं की गाडी खाली घेतलेली होती. पट्ट्या उघड्यावर असतात, दिसतात. सीट कुणी उघडली नाही, माझी शिवण तेवढी चांगली होती. सगळं खापर मिस्त्रीच्या डोक्यावर फुटलं. आईनं भर गल्लीत त्याला नको नको ते ऐकवलं, लोकांनी गाड्या त्याच्याकडे न्यायचं बंद केलं, वर्षाच्या आत शटर कायमचं खाली आलं. तो एकदाही उलटून बोलला नाही. मी बोलले नाही ते भीतीनं, तो बोलला नाही कारण त्याला ते खरंच आपल्या एकट्याचं वाटत होतं. मूग गिळून गप्प बसणं म्हणतात ते मी अकरा वर्षं करत आले.

आता तो बाजारामागच्या गाडीतळावर राखण करतो. प्लास्टिकच्या खुर्चीत बसलेला असतो, हातात चिठ्ठ्यांचं पुस्तक. दोरा आणायला तीच वाट जवळची आहे, पण मी वळसा घालून जाते, पंधरा मिनिटं जास्त, आणि आईला सांगते की तेवढंच चालणं होतं. भाचीला मी वाढवलं. तिच्या शाळेच्या गणवेशाची उंची मीच कमी करायची, तिची सायकल मीच मागून धरायची, आणि ती सोड म्हणाल्याशिवाय कधी सोडली नाही. लोक म्हणतात, मावशीनं आईची उणीव भासू दिली नाही. हे ऐकताना माझ्या अंगावर काटा येतो आणि तरीही ते मला ऐकायला आवडतं, आणि हे दोन्ही एकदम कसं होतं हे मला कुणाला विचारता येत नाही. माझ्याकडे दुसरं माणूस नाही. आई ऐंशीची झाली, ती त्या उशीवर डोकं ठेवून झोपते, मी दर वर्षी अभ्रा बदलते, आतलं बदलत नाही. बदलायला घेतलं तर तो थर हाताला लागेल. सकाळी कधी ती म्हणते, ही उशी मऊ आहे, दुसरी नको. हे सगळं सांगून टाकलं तर भाची माझ्याजवळ राहणार नाही, हे मला पाठ होतं. आणि न सांगितलं तर ती आज दुकानातून दोन बोटं खाली घेतलेली गाडी नेईल आणि उद्या माझ्या पाटावर तिची सीट उलटी पडलेली असेल. मी नाही म्हणू शकले असते, वेळ नाही म्हणू शकले असते. मग ती दुसऱ्या सीटवाल्याकडे गेली असती. शहरात काय सुऱ्या कमी आहेत.

“समजा, काहीच कमी केलं नाही तर?” मी विकणाऱ्या बाईला विचारलं. माझा आवाज मला परका वाटला.

तिनं खांदे उडवले. खरं सांगायचं तर नाही केलं तरी चालतं, म्हणाली, आणि भाचीला उतरवून स्वतः चढली. मी तेव्हा तिच्याकडे नीट पाहिलं. ती आमच्यापेक्षा फार तर बोटभर उंच होती. सरळ बसल्यावर तिचेही चवडेच टेकत होते. मग तिनं कंबर सीटवरून डावीकडे सरकवली, अगदी थोडी, आणि तिचा डावा पाय टाचेसकट फरशीवर आला. उजवा ब्रेकवर. दुखरा गुडघा घेऊन ती तशीच निवांत बसून राहिली, हात सोडून. “दोन्ही पाय टेकायची गरजच नसते. एक पुरतो. फक्त तो कुठे टेकायचा हे थांबायच्या आधी ठरवायचं, उतारावर डोंगराच्या अंगाला. माझ्या पहिल्या गाडीला मी कशालाच हात लावला नव्हता.” मग कमी करून का देता, मी विचारलं. लोकांना धीर येतो, म्हणाली, आणि उतरून भाचीच्या मापाचे बूट बघायला आत गेली.

एक पुरतो. बाबांनी आयुष्यभर सीटा कमी केल्या, मीही केल्या, शेकडो, आणि आमच्यापैकी कुणीही कधी वाटेवर गाडी चालवली नव्हती. आम्हाला फोम माहीत होता. गिऱ्हाइकाला धीर हवा असायचा आणि आम्ही तो कापून देत होतो. धाकटीनं माझ्याऐवजी या बाईला विचारलं असतं, तर ही अशीच चढली असती, कंबर सरकवली असती, आणि धाकटी आज त्रेचाळीस वर्षांची असती. ही गोष्ट इतकी लहान होती की मला तिचा राग आला. अकरा वर्षं मी पट्ट्या आणि सीट, त्याचा वाटा आणि माझा वाटा, यांचंच माप घेत बसले होते, आणि दोन्ही मुळात लागतच नव्हतं. भाची पुन्हा गाडीवर चढली होती, तसं करून बघायला. माझा हात पुन्हा मागे गेला, सीटच्या शेपटीखाली, जिथे पिना असतात तिथे.

“तुझ्या आईची सीट मी कमी केली होती,” मी म्हटलं. “दोन बोटं.”

तिनं मान वळवली नाही. “गाडी मिस्त्रीनं खाली घेतली होती,” ती म्हणाली, लहानपणी पाठ केलेलं म्हणावं तसं.

“त्यानंही. सोमवारी मी, गुरुवारी तो. तिनं आम्हाला एकमेकांचं सांगितलं नव्हतं. तिचा गुडघा दुमडला, पाय वेळेवर निघाला नाही, तो सीटमुळे.”

समोरच्या काचेत तिचं प्रतिबिंब होतं, पण त्यावर ऊन होतं आणि मला चेहरा दिसत नव्हता. रस्त्यावरून एक गाडी हॉर्न वाजवत गेली. मी आणखी काहीतरी बोलले, न विचारलेलं, तो तुकडा आजीच्या उशीत आहे म्हणून. ते का सांगितलं मला माहीत नाही. तिनं विचारलं, मिस्त्रींना हे माहीत आहे का. मी म्हटलं, त्यानं मला दवाखान्यात विचारलं होतं आणि मी नाही म्हटलं. आणि आजीला? नाही.

“मी त्यांच्या अर्ध्या ओढलेल्या शटरवर थुंकले होते,” भाची म्हणाली. “ते आत बसले होते. तू माझा हात धरून उभी होतीस.”

होते. तिची शाळा सुटली होती, माझ्या खांद्यावर तिचं दप्तर होतं. तिनं थुंकल्यावर मी तिला ओढून पुढे नेलं होतं. मिस्त्रीनं आतून फडकं आणून शटर पुसलं, तेही मी वळून पाहिलं होतं. ही गोष्ट मी विसरले आहे असं मला इतकी वर्षं वाटत होतं.

“आज जायचं त्यांच्याकडे,” ती म्हणाली. “तू सांगायचं. मी बरोबर येईन, पण मी बोलणार नाही. मग आजीला.” मी बरं म्हटलं. तिचा आवाज चढला नव्हता, त्यात रडू नव्हतं, आणि त्याहून जास्त भीती मला कशाची वाटली नसती. त्यानंतर काय, हे तिनं सांगितलं नाही आणि विचारायचा हक्क मला उरला नव्हता. तेवढ्यात विकणारी बाई बुटांचे दोन खोके घेऊन बाहेर आली, आमच्याकडे पाहून जराशी थबकली, मग धंद्याच्या आवाजात म्हणाली, काय ठरलं, किती खाली घ्यायची.

“काही कमी करू नका,” भाची म्हणाली. “आहे तशीच द्या.”

तिनं कंबर डावीकडे सरकवली. डावा पाय खाली आला, आधी चवडा, मग टाच. गाडी किंचित कलली आणि माझी बोटं सीटखाली आपोआप घट्ट झाली, मधली आणि तर्जनी, दोन्ही पांढरी पडेपर्यंत.

“हात काढ, मावशी.”

मी हात काढला. गाडी जागची हलली नाही.